काठावरचे गाव आणि न थांबणारी वाट : ग्रामीण कथनाच्या अवकाशाविषयी

१

मराठी ग्रामीण कथनसाहित्यात 'गाव' ही केवळ घटनांची पार्श्वभूमी नसते. ते त्या कथनाचे संघटनतत्त्व असते. वेस, पार, चावडी, देऊळ, पाणवठा आणि त्यांच्याभोवतीची शिवारे यांतून एक पूर्ण वर्तुळ सिद्ध होते आणि पात्रांचे परस्परसंबंध ह्या वर्तुळाच्या आतच अर्थपूर्ण ठरतात. वाट ह्या वर्तुळाला बाहेरून येऊन मिळते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा (१९५५) आरंभ वाटेने येणाऱ्या तरुण शिक्षकाने होतो आणि शेवट दुष्काळामुळे वाडी सोडून वाटेला लागणाऱ्या माणसांनी होतो. वाटेने जे येते ते गावात थांबते, गावाला बदलते, गावाकडून बदलले जाते. आनंद यादवांच्या 'गोतावळा'मध्ये (१९७१) ट्रॅक्टर येतो तोही थांबण्यासाठीच येतो. तो मळ्याच्या आत शिरतो आणि म्हणूनच नारबाचा गोतावळा उद्ध्वस्त करू शकतो. बाहेरचे आत येणे आणि आतले बाहेर जाणे ह्या दोन हालचालींवर ग्रामीण कथनाची बरीचशी उभारणी झालेली दिसते.

ह्या उभारणीत एक गृहीतक दडलेले आहे: गाव हे केंद्र आहे. केंद्र दुबळे असेल, शोषित असेल, मोडकळीस आलेले असेल. पण कथनाच्या दृष्टीने ते केंद्रच राहते. विसाव्या शतकात महाराष्ट्रातील अनेक गावांची जी नवी भौतिक घडण झाली, तिने नेमके हेच गृहीतक संपुष्टात आणले. ज्या गावाच्या एका अंगाला जलाशय आणि दुसऱ्या अंगाला द्रुतगती मार्ग आहे, ते गाव केंद्र नसते आणि टोकही नसते. ते मधली जागा असते. येथून पाणी दुसरीकडे जाते, वाहने दुसरीकडे जातात. ज्यासाठी ही बांधकामे उभी राहिली त्या प्रयोजनात गावाला स्थान नसते. अशा मधल्या जागेचे कथन कोणत्या रूपात शक्य आहे, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे. तो समाजशास्त्रीय वाटला तरी मुळात वाङ्मयीन रूपाचा प्रश्न आहे.

२

प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. घाटमाथ्यावरच्या मुसळधार पावसाचे पाणी येथे इंद्रायणी, पवना, आंद्रा ह्या नद्यांतून पूर्वेकडे, म्हणजे भीमेच्या व पुढे कृष्णेच्या खोऱ्याकडे वाहते. टाटांच्या जलविद्युत योजनांनी ह्यातील काही पाण्याची दिशाच बदलली. वळवण, लोणावळा आणि शिरवता येथील तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीस नेऊन १९१५ पासून तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. १९२२ मध्ये आंद्रा खोऱ्यातील ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचे केंद्र चालू झाले. ही वीज प्रामुख्याने मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी होती. शेजारच्या मुळशी खोऱ्यात अशाच धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ ह्या काळात सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढाकाराने सत्याग्रह झाला. तो अयशस्वी ठरला आणि त्या पाण्यावरचे भिरा येथील केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले.

पवना धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. तुंग, तिकोना, लोहगड ह्या किल्ल्यांच्या मधल्या खोऱ्यात जलाशय पसरला. पिंपरी-चिंचवड परिसराची तहान आज मोठ्या प्रमाणावर ह्या पाण्यावर भागते. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र पुढे अनेक दशके रेंगाळत राहिला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे टप्पे २००० पासून खुले होऊ लागले आणि २००२ मध्ये सुमारे ९४ किलोमीटरचा हा सहापदरी रस्ता पूर्ण झाला. पादचारी, बैलगाडी, दुचाकी, तीनचाकी यांना त्यावर मज्जाव आहे. मावळातल्या ज्या शिवारांतून तो जातो, तेथील शेतकऱ्याला पलीकडच्या तुकड्यात जाण्यासाठी मोरी, भुयारी मार्ग किंवा पूल गाठावा लागतो.

ह्याच भूप्रदेशातून एके काळी कोकणातील बंदरांकडून देशावर जाणारा व्यापारी मार्ग जात असे. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी त्याच मार्गाच्या आश्रयाने कोरली गेली. व्यापाऱ्याने आणि भिक्षूने येथे थांबावे, अशी त्या मार्गाची रचना होती. त्यामुळे मावळ हा रस्त्यापासून अलिप्त असलेला प्रदेश कधीच नव्हता. बदलले आहे ते रस्त्याचे स्वरूप. आणि साहित्याच्या दृष्टीने हा बदल मूलभूत आहे.

३

धरणाविषयी मराठी कादंबरीने मौन पाळलेले नाही. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ने (१९९१) धरणग्रस्तांच्या परवडीला प्रथमच विस्तृत कादंबरीरूप दिले आणि १९९२ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने त्यास मान्यताही मिळाली. गावाचे उठणे, पुनर्वसनाच्या नावाखाली होणारी फरफट, कागदपत्रांचे आणि दलालांचे जाळे यांचे तिने केलेले चित्रण दस्तऐवजाच्या तोलाचे आहे. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ने (साहित्य अकादमी पुरस्कार, २०२३) ह्याच अनुभवाला वेगळे वळण दिले. उठून गेलेला माणूस मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधात पुन्हा मूळ जागेकडे निघतो आणि कादंबरी माणूस, जनावर व रान यांच्या तुटलेल्या नात्याचा माग काढते. एक कादंबरी गावाबरोबर बाहेर जाते, दुसरी एका माणसाबरोबर मागे फिरते. दोघींचीही कथनऊर्जा विस्थापनातून, म्हणजेच 'होते' आणि 'नाही' यांच्यातील अंतरातून निर्माण होते.

तथापि, जलाशयाने घडवलेली सर्वच गावे बुडालेली नसतात. पुष्कळ गावे काठावर उरतात. त्यांची निम्मी शिवारे पाण्याखाली जातात, निम्मी वर राहतात. बाजाराची जुनी वाट पाण्यात शिरते आणि दुसऱ्या तीरावरून बाहेर पडते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. शासकीय परिभाषेला ह्या गावांसाठी धड नाव नाही. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्रात १९७६ मध्ये झालेल्या कायद्याने 'बाधित क्षेत्र' आणि 'लाभक्षेत्र' अशी विभागणी केली. काठावरचे गाव पहिल्या वर्गात अंशतःच बसते, आणि पाणी समोर असूनही बहुधा दुसऱ्यात बसत नाही. लक्षणीय गोष्ट अशी की, कादंबरीनेही अभावितपणे हीच विभागणी स्वीकारलेली दिसते. तिच्या दृष्टीने एक तर गाव बुडते, किंवा ते कथेचा विषयच होत नाही. प्रशासनाच्या निर्दयतेवर कठोर टीका करणारे साहित्य प्रशासनाचीच वर्गवारी मुकाट्याने चालवते, ही ह्या परंपरेतील न तपासली गेलेली विसंगती आहे.

ह्या विसंगतीचे एक कारण बुडालेल्या गावाच्या प्रतिमेत आहे. उजनी जलाशयाची पातळी खालावली की पळसदेवचे जुने मंदिर पाण्यातून वर येते आणि दर वेळी त्याची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. पाण्यातून वर येणारे शिखर ही समर्थ प्रतिमा आहे, यात शंका नाही. मात्र तिचे सामर्थ्य निसरडे आहे. ती भूतकाळाला सुंदर करते आणि नुकसानीला पूर्ण झालेली, म्हणूनच शोक करण्यास योग्य अशी घटना बनवते. वस्तुतः ज्या गावाने पळसदेव हे नाव पुढे चालवले ते पुणे-सोलापूर रस्त्याच्या आधाराने आज नांदते आहे. छायाचित्राच्या चौकटीत ते येत नाही. शोकात्म दृष्टीला जिवंत गावाचा अडथळाच होतो, असे म्हणणे कठोर वाटेल, पण ते अवास्तव नाही.

४

रस्त्याच्या बाबतीत स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. मिखाईल बाख्तीन यांनी कादंबरीतील काल आणि अवकाश यांच्या अविभाज्य गुंफणीची, म्हणजेच कालावकाशाची, चर्चा करताना रस्त्याला विशेष महत्त्व दिले. सामाजिक अंतरामुळे एरवी एकमेकांना कधी न भेटणारी माणसे रस्त्यावर योगायोगाने भेटतात आणि त्या भेटीतून कथानक जन्म घेते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मराठी वाङ्मयाला हे सूत्र बाहेरून लावण्याची गरज नाही, कारण मराठी गद्याचा उगमच चालण्यात आहे. 'लीळाचरित्र' हे भ्रमण करणाऱ्या पुरुषाचे चरित्र आहे. त्यातील लीळा स्थळाला बांधलेली असते: अमुक गावी, अमुक देवळात, अमुक माणसाशी घडलेला संवाद. महानुभाव परंपरेने पुढे 'स्थानपोथी' रचून ह्या मुक्कामांच्या जागा बारकाईने नोंदवून ठेवल्या. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' (प्रकाशन १९०७) हा १८५७ च्या धामधुमीतील प्रवासही मुक्कामामुक्कामाने उलगडतो. मुक्काम नसेल तर लीळा नाही, आणि प्रवासवर्णनही नाही. वारीचा मार्गसुद्धा मुक्कामांच्या गावांनीच ओळखला जातो.

द्रुतगती मार्गाचे वैशिष्ट्य हे की त्याने मुक्काम ही कल्पनाच वजा केली. तो जेथून जातो तेथील माणूस त्यावर पाऊल ठेवू शकत नाही आणि त्यावरून जाणारा माणूस तेथे उतरू शकत नाही. बाख्तीन यांच्या परिभाषेत बोलायचे तर हा भेटीविना रस्ता आहे. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्क ओजे यांनी १९९२ मध्ये अशा जागांसाठी 'अ-स्थळ' ही संकल्पना मांडली. महामार्ग, विमानतळ, मोठी विक्रीकेंद्रे येथे ओळख, नाते आणि इतिहास यांचा अभाव असतो. महामार्गाच्या कडेचे फलक ज्या गावांची नावे सांगतात त्या गावांत प्रवासी जात नाही, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. मात्र ह्या सिद्धान्ताची एक मर्यादा मावळासारख्या प्रदेशातून पाहताना ठळक होते. ओजे यांचा द्रष्टा प्रवासी आहे. रस्ता त्याला इतिहासशून्य वाटतो, कारण तो आतून, गतीतून पाहतो. कुंपणाबाहेरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या रस्त्याला नेमका इतिहास आहे: तो कोणाच्या गटातून गेला, कोणाला किती मोबदला मिळाला, कोणता भाऊ कोणत्या भावाविरुद्ध कज्जात उतरला, गुरांची वाट कोठे तुटली. एकच वस्तू आतून अ-स्थळ आणि बाहेरून अतिशय दाट स्थळ असू शकते. 'अ-स्थळ' हे वस्तूचे लक्षण नसून पाहणाऱ्याच्या स्थानाचे लक्षण आहे, अशी दुरुस्ती येथे सुचवता येईल.

रेमंड विल्यम्स यांनी 'द कंट्री अँड द सिटी' (१९७३) ह्या ग्रंथात इंग्रजी साहित्यातील खेड्याच्या रम्य प्रतिमांमागचे मालकीसंबंध उकलून दाखवले होते. तसेच काहीसे काम येथे करावयास हवे. फक्त येथे उकलावयाची प्रतिमा रम्य खेड्याची नसून शोकात्म खेड्याची आहे.

५

जलाशय आणि द्रुतगती मार्ग ह्या दोन वेगळ्या गोष्टी नसून एकाच रचनातत्त्वाची दोन रूपे आहेत, हे २०११ मध्ये मावळातच उघड झाले. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेस शेतकऱ्यांचा विरोध होता. धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून रावेतपर्यंत वाहत जाते आणि तेथे उचलले जाते. वाटेत दोन्ही काठांवरची गावे त्यावर शेती करतात. बंद नळातून पाणी गेले तर ही वाटच नाहीशी होईल, अशी त्यांची भीती होती. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर गावाजवळ आंदोलकांनी द्रुतगती मार्ग रोखला. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यांत एक स्त्री होती.

ह्या घटनेचे राजकीय अर्थ अनेक लावले गेले. वाङ्मयीन विचाराच्या दृष्टीने तिच्यातील अवकाशाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. नदी आणि नळ यांत जो भेद आहे, तोच जुनी वाट आणि द्रुतगती मार्ग यांत आहे. नदी वाटेत सांडते, झिरपते, थांबते, वाटली जाते. नळ फक्त पोहोचवतो. पाण्याची तक्रार मांडण्यासाठी माणसे रस्त्यावर आली, कारण ज्या दूरच्या शहरांना पाणी आणि रस्ता दोन्ही हवे होते, त्यांचे लक्ष वेधण्याचा दुसरा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता. ज्या रस्त्यावर पाऊल ठेवण्यास मनाई होती, तो त्या दिवशी प्रथमच बाख्तीन यांच्या अर्थाने रस्ता झाला: समाजाचे दोन थर तेथे समोरासमोर आले. त्या भेटीची किंमत तीन जिवांनी मोजली. थांबण्याची मुभा नसलेल्या जागी थांबणे हीच जेथे घटना ठरते, तेथे कथनाचे तंत्र वेगळे असावयास हवे. गावात काही तरी 'येते' आणि मग काही तरी 'घडते' हा जुना आकृतिबंध येथे अपुरा पडतो; येथे गाव स्वतः उठून जाणाऱ्या वस्तूच्या आड येते.

हे कथन केवळ बळी गेलेल्या गावाचे असून भागणार नाही, हेही लक्षात घ्यावयास हवे. द्रुतगती मार्गाने मावळातील जमिनीला भाव आणला आणि अनेकांनी ती विकली. पवना जलाशयाच्या काठी शहरी पर्यटकांसाठी तंबू आणि बंगले उभे राहिले. गावातील तरुण त्या व्यवसायात आहेत. जे पाणी शेताला मिळत नाही, त्या पाण्याचे दर्शन आता विकले जाते. ग्रामीण संवेदनशीलता ही कृषिकेंद्रित जीवनरीतीत रुजलेली असते, हे आनंद यादवांसारख्या अभ्यासकांनी साक्षेपाने मांडले. ह्या निकषावर तंबूवाल्या तरुणाचे भावविश्व ग्रामीण ठरते की नाही, ह्याचे उत्तर देणे अवघड आहे. उत्तर नकारार्थी देऊन त्याला साहित्याबाहेर ठेवणे सोपे आहे. पण मग निकषच अनुभवाला अपुरा पडला आहे, असे मानावे लागेल.

६

मग ह्या मधल्या जागेसाठी मराठीच्या परंपरेत काही आधार आहे काय? दोन दिशा संभवतात.

पहिली दिशा स्त्रियांच्या जात्यावरच्या ओवीची आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी मुळशी, मावळ आणि अन्य भागांतील स्त्रियांकडून ओव्या गोळा करण्याचे जे काम उभारले, त्यातून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह सिद्ध झाला. हा संग्रह जलाशयांच्या ह्याच डोंगराळ प्रदेशातून सुरू व्हावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. ओवीत कथानक नसते आणि केंद्रही नसते. तिच्यातील स्त्री उंबऱ्यावर, वाटेच्या कडेला, माहेर आणि सासर यांच्या मध्ये उभी असते. ती येणाऱ्याजाणाऱ्याला पाहते, दूरच्याला साद घालते, आणि प्रत्येक ओवी स्वतंत्र असूनही शेजारच्या ओवीला जोडली जाते. मधल्या जागेत राहणे हे ह्या स्त्रियांसाठी नवे संकट नव्हते. ती त्यांच्या जगण्याची नेहमीचीच अवस्था होती, आणि तिच्यासाठी त्यांनी रूप शोधले होते. ग्रामीण कादंबरीचे 'गाव' बहुतांशी चावडीवरून आणि पारावरून, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या जागांवरून पाहिलेले आहे. उंबऱ्यावरून पाहिले असते तर ते इतके केंद्रित दिसले नसते. पिठाच्या गिरणीने जाते थांबवले आणि ओवीचा प्रसंग संपला. पण ज्या दृष्टिकोनातून ती आली तो दृष्टिकोन त्याबरोबर संपण्याचे कारण नाही.

दुसरी दिशा 'स्थानपोथी'ची आहे. भक्तीच्या संदर्भातून बाजूला काढून तिच्याकडे केवळ लेखनपद्धती म्हणून पाहिले, तर ती एक विलक्षण गोष्ट करते: जाणारा निघून गेल्यानंतर ती जागेशी थांबते. कोणत्या देवळाच्या कोणत्या अंगाला काय घडले, हे ती जागेच्या बाजूने नोंदवते. चरित्र प्रवाशाचे, पोथी मात्र स्थळांची. द्रुतगती मार्गाचे 'लीळाचरित्र' मोटारीतून लिहिले जाईलच. प्रवासवर्णने, जाहिराती आणि शासकीय अहवाल ते लिहितच आहेत. उणीव आहे ती स्थानपोथीची: मोरी, भुयारी मार्ग, टोलनाका, गाळपेरीचा पट्टा, पाण्यात शिरलेली बाजाराची वाट यांच्याशी थांबून केलेल्या नोंदीची.

ह्या दोन दिशा म्हणजे परंपरेकडे परतण्याचा आग्रह नव्हे. ओवीची नक्कल करून आजची कादंबरी लिहिता येणार नाही आणि तशी ती लिहूही नये. मुद्दा इतकाच की, केंद्रहीन अनुभव सांगण्याची क्षमता मराठीला पाश्चात्य प्रयोगशीलतेकडूनच उसनी घ्यावी लागेल, हा समज निराधार आहे. त्याचप्रमाणे, गाव एकसंध होते आणि धरणाने किंवा रस्त्याने ते मोडले, हे कथनही अर्धसत्य आहे. जातींच्या आळ्यांनी, सासुरवासाने, कुळकायद्याआधीच्या आणि नंतरच्या जमीनसंबंधांनी ते आधीच विभागलेले होते. जलाशय आणि रस्ता यांनी गावाच्या कल्पनेतील ही जुनी फट उघड केली.

ग्रामीण समीक्षेने गेल्या अर्धशतकात 'अस्सलपणा' हा निकष मुख्य मानला: बोली अस्सल आहे काय, अनुभव आतला आहे काय. काठावरच्या गावाच्या संदर्भात ह्या निकषाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा लागेल: संहिता कोठे उभी राहून पाहते? मोटारीतून, चावडीवरून, बुडालेल्या शिखराच्या दिशेने, की मोरीच्या तोंडाशी? बऊरजवळ मेलेली तीन माणसे धरणग्रस्तांच्या कादंबरीत बसत नाहीत आणि महामार्गाच्या प्रवासवर्णनातही बसत नाहीत. ती ज्या कथनात बसतील ते रूप घडवणे हे लेखकांचे काम आहे. आणि तसे रूप समोर आले असता, ते 'ग्रामीण' नाही म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष न करणे हे समीक्षेचे.